फाट्यावरचा घोटा

पहिला घोटा केला तेव्हा माझ्या भावाने एक चमचा तोंडात घातला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला आणि ताटली माझ्याकडे सरकवली. "हा तो नाई," तो म्हणाला. मी म्हटलं, "दुसरा चमचा तं खाऊन पाय." तर म्हणे, "पहिल्यात नाई ते दुसऱ्यात कुठून येनार?" आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. मला असा संताप आला की ताटली घेऊन मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यापाशी उभ्या उभ्या सगळं स्वतःच संपवलं. चांगला झाला होता. कुणालाही आवडला असता. पण मला कुणालाही खाऊ घालायचं नव्हतं, मला त्याला खाऊ घालायचं होतं.

भाऊ माझ्याहून लहान. माझं माहेर अकोल्याच्या पलीकडे, पूर्णेच्या पट्ट्यात. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या हे कळलं तेव्हा त्या जवळजवळ संपल्याच होत्या. थकवा येतो म्हणायचा, पाय सुजतात म्हणायचा, आणि वर म्हणायचा की शेतात उभं राहिल्यावर कोणाचे सुजत नाहीत. आधी त्याचं डायलिसिस अकोल्यात चाललं होतं. मग ऑपरेशन अमरावतीला करायचं ठरलं आणि मी त्याला माझ्याकडेच आणलं. भावजय गावी राहिली, शेत आणि लेकरं कोणीतरी बघायला हवीच होती. तिला तिची किडनी द्यायची होती, पण तिला साखर निघाली. माझी जुळली. सगळ्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टर मला म्हणाले की या वयात इतकी चांगली किडनी कमी दिसते. एखाद्या परीक्षेत पहिला नंबर यावा तसा मला आनंद झाला.

तो आनंद फार टिकला नाही, कारण भावाने खाणं सोडलं. सोडलं म्हणजे उपोषणाला बसल्यासारखं नाही. ताटावर यायचा, घास चिवडायचा, "पुरे" म्हणायचा. डायलिसिसला गेला की आधी वजनकाट्यावर उभं करतात, आणि तिथली नर्स काटा बघून माझ्याकडे बघायची. डॉक्टरांनी मला आत बोलावून स्पष्ट सांगितलं, "त्याच्या अंगात काही असल्याशिवाय मी त्याला टेबलावर घेणार नाही. अंडं द्या, डाळ द्या, पनीर द्या, मीठ सांभाळा, पाणी सांभाळा, पण त्याला खायला लावा. असंच चाललं तर तारीख पुढे ढकलावी लागेल." मी विचारलं, किती पुढे. ते म्हणाले, "पुढची तारीख त्याला मिळेल की नाही, हे मला सांगता येणार नाही."

बाहेर येऊन मी बाकावर बसले. आत त्याच्या हातात सुया होत्या आणि रक्त नळीतून मशीनमध्ये जात होतं. माझ्या पोटात एक चांगली किडनी होती, ती मला द्यायची होती, आणि हा गडी दोन घास खात नव्हता. मला रडू येत नव्हतं, त्याला उठवून दोन लगावाव्यात असं वाटत होतं.

घरी आल्यावर मी तेच विचारलं. "तुले काय पायजे ते सांग. काहीही सांग. मी करतो." आमच्याकडे बायाही 'करतो' म्हणतात, पुण्याच्या लोकांना हसू येतं. तो बराच वेळ छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, फाट्यावरचा घोटा खावा वाटते. तो करून दे, मंग खातो."

मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाईच म्हणतात.

फाट्यावरचा घोटा हा पदार्थ दुसरीकडे कुठे मिळतो असं मी ऐकलेलं नाही. अकोल्याहून येणारा रस्ता आमच्या गावाकडे वळतो त्या फाट्यावर एक टिनाचं हॉटेल होतं. आमच्याकडे चहाच्या टपरीलाही हॉटेलच म्हणतात, पण याच्यात बसायला बाकं होती. वडील मूग विकायला अकोल्याला जायचे तेव्हा कधी कधी आम्हा दोघांना न्यायचे, आणि येताना एसटीतून फाट्यावर उतरलो की गावापर्यंत चालायच्या आधी एक घोटा घ्यायचे. आदल्या दिवशीचे उरलेले मुगाचे वडे. ते कुस्करून तुरीच्या गरम डाळीत टाकायचे, वरून आंबट ताक, मग हॉटेलवाला लाकडी रवीने ते सगळं घोटायचा आणि वर लसूण-मिरचीची लालभडक फोडणी ओतायचा. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ताटलीत, चमच्याने खायचा, सोबत कांदा. कोणाला सांगितलं तर तोंड वाकडं करील असा पदार्थ. शिळे वडे, डाळ आणि ताक एकत्र कोण खातं? पण दिवसभर बाजारात उभं राहून पाय मोडले असताना ती ताटली समोर आली की सगळं जागच्या जागी बसायचं. दोघांत एक ताटली असायची. मधोमध चमच्याने रेघ मारून आम्ही वाटणी करायचो आणि तो नेहमी रेघेच्या माझ्या बाजूने खायचा.

तर मी घोटे करायला लागले.

दुसऱ्या वेळी वडे आदल्या दिवशी तळून ठेवले. "हा तो नाई." तिसऱ्या वेळी सोयाबीनचं तेल सोडून सरकीचं तेल आणलं, कारण तेव्हा हॉटेलांत तेच असायचं. नाही. मग वाटलं मीठ कमी पडतं म्हणून चव उतरत नाही, आणि मीठ तर मी वाढवू शकत नव्हते. लिंबू पिळलं, आमचूर टाकलं, जिरं भाजून टाकलं, लसूण दुप्पट केला. नाही. गॅसवर होत नसेल म्हणून मागच्या अंगणात तीन विटा मांडून चूल पेटवली आणि धुराने शेजारणीचे वाळत घातलेले कपडे खराब झाले, तिने आठवडाभर अबोला धरला. नाही. ताक दोन दिवस आंबवलं. नाही. आमच्या घरी फुलांचा धंदा आहे. वलगावला सासरची थोडी शेती आहे, तिथून शेवंती-गुलाब येतात आणि सकाळी मी हार ओवते. त्या दिवसांत माझ्या हारांना लसणाचा वास यायचा असं माझ्या यजमानांचं म्हणणं होतं. "हे घर हाय का हॉटेल?" ते म्हणायचे. "बाहेर पाटी लावू का?" माणूस चांगला आहे, हसवायला बोलत होता. मी त्यांच्यावर झारा उगारला आणि मग तिथेच खाली बसून रडले. ते गॅस बंद करून माझ्या शेजारी बसून राहिले.

प्रत्येक वेळी भाऊ एक चमचा खायचा. एकच. कधी रागावला नाही, कधी तोंड वाकडं केलं नाही. "हा तो नाई," एवढंच. आणि त्या एका चमच्यासाठी मी पुढचा घोटा करायची. त्याची पँट कमरेवर राहीना म्हणून त्याने आत सुतळी बांधली होती. ती मला न्हाणीघरात दिसली आणि मी ती तशीच ठेवून दिली.

मी देवाला वाट्टेल ते बोलले त्या दिवसांत. गुरुकुंजाला जाऊन महाराजांच्या समाधीपुढे बसले आणि हात जोडायच्या ऐवजी भांडले. शेजारच्या बाईला वाटलं मी मंत्र म्हणते आहे.

आता पाण्याचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. जमिनीखाली पाणी आहे, पण खारं. हापशीचं पाणी तोंडात घेतलं की मचूळ लागतं, साबणाला फेस येत नाही, डाळ तासन्तास शिजवली तरी दाणा दाणाच राहतो. गोड पाणी मैलभरावरून यायचं, आता टँकरने येतं, नळ आहे पण तो येतो तेव्हा येतो. गोड पाणी प्यायला, आणि पाहुण्याला. पाहुण्याच्या हातात गोड पाण्याचा पेला देणं ही आमच्याकडे सगळ्यात मोठी सरबराई. घरात एकच पेलाभर गोड पाणी असेल तर तो पाहुण्याचा, मग घरातल्यांनी खारंच प्यायचं.

म्हणून आमच्याकडे मुलीचं स्थळ बघताना पाणी चाखतात. माझं स्थळ बघायला वडील अमरावतीला आले तेव्हा त्यांनी शेती किती, घर कोणाच्या नावावर, काही विचारलं नाही. अंगणातला नळ सोडला, ओंजळ धरली आणि प्याले. परत ओंजळ धरली, परत प्याले. आमच्याकडे धरणाचं पाणी येतं. ओल्या हाताने तोंड पुसून ते म्हणाले, "जमलं." माझे सासरे हे पुढे वर्षानुवर्षं लोकांना सांगून हसायचे. तेव्हा भाऊ वडिलांबरोबर आला होता, मिसरूड फुटायच्या वयाचा. तो गावी राहिला, खारं पाणी पीत. मी इथे आले.

त्याच्या किडन्या पाण्यानेच गेल्या असं डॉक्टर ठामपणे म्हणत नाहीत. त्याला ब्लडप्रेशर होतं, त्याने गोळ्या चुकवल्या, अंगदुखीच्या गोळ्या मात्र न चुकता खाल्ल्या. पण आमच्या पट्ट्यात प्रत्येक गल्लीत एकजण असा आहे आणि लोकांना जे वाटायचं ते वाटतंच. आणि एक गोष्ट मला आजही गिळवत नाही. जन्मभर गोड पाण्यासाठी तरसला तो, आणि गोड पाण्याच्या घरी राहायला आला तेव्हा डॉक्टरांनी त्याचं पाणीच मोजून दिलं. दिवसभराचं एका लहान बाटलीत. नळ चालू असला की तो आवाज ऐकत बसायचा. मी नळ हळू सोडायला शिकले.

डॉक्टरांनी शेवटचं सांगितलं त्या आठवड्यात मी अकोल्याला जायला निघाले. भावाला सांगितलं, लग्न आहे. मला त्या हॉटेलवाल्याच्या घरचं कोणी शोधायचं होतं, बायको, सून, कोणीही. फाट्यावर उतरले तर फाटाच ओळखू येईना. रस्ता चौपदरी झालेला, मध्ये दुभाजक, हॉटेल होतं तिथे पुलाचा भराव. पानठेल्यावर विचारलं तर त्याने उलट मलाच विचारलं, "कोनतं हॉटेल?" उन्हात त्या भरावाकडे बघत मी उभी राहिले आणि मला वाटलं, संपलं. आता भावाला सांगायचं की घोटा नाही होत, आणि तो म्हणेल बरं, आणि खाणार नाही, आणि मग जे व्हायचं ते होईल.

तिथून गावी गेले, कारण दुसरीकडे कुठे जाणार. भावजयीने मला बघितलं आणि तिचा चेहरा पांढराच पडला, तिला वाटलं मी तसली बातमी घेऊन आले. "नाई वं, तसं काही नाई," मी म्हटलं. ती पायरीवर बसली, उठली, आत जाऊन पाण्याचा पेला घेऊन आली. गोड. मी प्याले. मग तिने जेवायला वाढलं आणि ताट ठेवताना तिची मान वर होईना.

"बाई, आज टँकर नाई आला," ती म्हणाली. तीही मला बाईच म्हणते. "गोड पानी होतं तेवढं तुमच्या पेल्यात देलं. दाळ हापशीच्या पान्यातली हाय. शिजली नाई नीट. नाई आवडली तं ठेवून द्या, मी पिठलं टाकतो."

पाहुणीला खाऱ्या पाण्यातली डाळ वाढावी लागली याची तिला शरम वाटत होती. मी म्हटलं, राहू दे, आणि भाकरीचा तुकडा डाळीत बुडवून तोंडात घातला.

दाणा दाताखाली आला. त्याच्यामागून ती मचूळ चव, आणि जिभेच्या कडेला किंचित कडू. मी चावायची थांबले. फाट्यावरचं बाकडं, वडिलांचं धोतर, ताटलीतली रेघ, सगळं त्या घासात होतं. मसाला नव्हता, तेल नव्हतं, चूल नव्हती. पाणी होतं. हॉटेलवाल्याची डाळ कधी शिजतच नव्हती, म्हणून तर तो ती रवीने घोटायचा. आणि मी महामूर्ख, भावासाठी चांगल्यात चांगलं म्हणून फिल्टरच्या पाण्यात डाळ शिजवत होते, लोण्यासारखी मऊ, आणि चव का येत नाही म्हणून देवाशी भांडत होते. खाऱ्या पाण्याच्या गावची मी, पण खाऱ्या पाण्यात मुद्दाम काही शिजवावं हे माझ्या सात जन्मांत सुचलं नसतं. कोणालाच नसतं सुचलं.

मी तेलाची रिकामी कॅन मागितली आणि हापशीवर गेले. भावजय मागे आली. "काय करून राह्यल्या तुमी? अमरावतीले खारं पानी नेता?" मी हापसत राहिले. तिला काही समजावून सांगायला माझ्याकडे धीर नव्हता. एसटीत शेजारच्या बाईने कॅनकडे बघून विचारलं, "गोड पानी कुठून आनलं हो?" मी म्हटलं, "खारं हाय." ती जरा सरकून बसली.

दुसऱ्या दिवशी भाऊ सकाळी डायलिसिस करून आला आणि पुढच्या खोलीत झोपला. डायलिसिसच्या दिवशी तो पिळून टाकल्यासारखा होतो. यजमान दुकानात होते. मी दार लोटून घेतलं. वडे रात्रीच तळून ठेवले होते. डाळ खाऱ्या पाण्यात भिजवली, खाऱ्या पाण्यात शिजवली. दाणा उभा राहिला. वडे कुस्करले, ताक घातलं, घोटलं, वर फोडणी. ताटलीत थोडं काढून मी चाखलं.

तोच होता. इतक्या वर्षांनी, माझ्या ओट्यावर, तोच.

मी ताटली भरली, कांदा ठेवला, चमचा ठेवला आणि दोन पावलं टाकून थांबले. माझ्या हातात ते पाणी होतं. तेच. ज्याच्यापासून वडिलांनी मला दूर दिलं, ज्याने भावाला मशीनला बांधलं असं मला मनातून वाटत होतं, ते मी एवढ्या लांबून कॅनमध्ये भरून, एसटीत मांडीवर घेऊन आणलं होतं, आणि आता त्याच्या तोंडात घालायला निघाले होते. एका ताटलीने काय होतं, मी स्वतःला म्हटलं. तो खाईल. एकदा खायला लागला की बाकीचंही खाईल. डॉक्टर मीठ सांभाळा म्हणाले होते. एकाच ताटलीने काय होतं. आणि नाही खाल्लं तर काय होतं ते तर डॉक्टरांनी सांगितलंच होतं. पुढेही जाता येईना, मागेही.

"काय जयून राह्यलं?" तो दारात उभा होता, चौकटीला धरून. फोडणीचा वास गेला असणार. पण तो ताटलीकडे बघत नव्हता, कॅनकडे बघत होता.

"लग्नाले गेली होती ना तू?"

"गावाले गेली होती."

"अन् हे आपल्या हापशीचं पानी हाय."

"व्हय."

तो आत आला आणि स्टुलावर बसला. मग म्हणाला, "मले वाटलं होतं तुले हे सुचनार नाई."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. मग कळलं. "तुले मालूम होतं?"

"मालूम नसन काय? हॉटेल बंद झालं, पानी थोडीच बंद झालं. माह्या घरी टँकर आला नाई की दाळ तशीच होते. तू इसरली, बाई. तू गोड पान्यात राहून इसरली."

"मंग मले काहून नाचवलं इतके दिवस?"

"तुह्या नळाले खारं पानी येनार नाई," तो खाली बघत म्हणाला. "घोटा होनार नाई. मी खानार नाई. डॉक्टर सोताच नाई म्हनन. मंग कोनाले काही बोलाची गरज नाई, तुले बी नाई अन् मले बी नाई."

तेव्हा मला समजलं की हा भुकेने नाही, हट्टाने वाळत होता. माझी किडनी नको म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं आणि मी ते ऐकलं नसतं हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने मला कधीच न होणारा घोटा सांगितला. मी त्याला म्हटलं, तुला लेकरं आहेत. म्हटलं, तुझी बायको पायरीवर बसून आहे. म्हटलं, मला एक पुरते, डॉक्टरांनी सांगितलं आहे. तो मान हलवत राहिला.

"त्या दिवशी तुह्यं जमलं ना," तो म्हणाला, "बाबा नळाचं पानी पेले. तू तं तिकडं गावाले होती. परत जाताना एसटीत बाबा रडले. मी कधी पाह्यलं नोतं त्याईले रडताना. मले म्हने, एक लेकरू तं खाऱ्या पान्यातून काढलं. एवढंच केलं रे मी जन्मात." "ते एकच केलं बाबानं. अन् आता मी तेच कापून घेऊ?"

वडील असं म्हणाल्याचं मला कधी कोणी सांगितलं नव्हतं. मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण त्याच्याही वर राग आला, बापाचा, भावाचा, माझ्याच चांगल्या किडनीचा. मी ओट्यावरचा पेला उचलला, कॅन वाकडी केली, पेला भरला आणि त्याच्यासमोर गटागटा प्याले. ते पाणी घशातून जाताना सगळं लहानपण खरवडत गेलं. मी दुसरा पेला भरला.

"काय करून राह्यली तू?"

"मी आता हेच पानी पेनार," मी म्हटलं. "रोज. कॅन संपली की गावाहून दुसरी आनीन. तुह्यी गेली, माह्यी बी जाऊ दे. मंग आपून दोघं मिळून मशीनवर बसू, अन् बाबानं काय केलं काय नाई ते मोजू. तुले कापाचं नाई ना? नको कापू. मीच खराब करतो."

मला ठाऊक होतं दोन पेल्यांनी काही होत नाही. त्यालाही ठाऊक होतं. पण मी तिसरा भरला आणि ओठाला लावला, आणि माझ्याकडे बघताना त्याला कळलं असणार की मी थांबणार नाही. हट्ट आमच्या घरात त्याच्या एकट्याच्या वाट्याला आलेला नाही. तो उठला आणि त्याने माझं मनगट धरलं. ज्या हातात सुया टोचतात, ज्या हाताने जोर लावायची त्याला सक्त मनाई आहे, त्याच हाताने. पाणी दोघांच्या अंगावर सांडलं.

"सोड," तो म्हणाला. "सोड, बाई. सोड ना."

मी सोडला. त्याने पेला मोरीत रिकामा केला, मग कॅन उलटी धरली आणि ती पूर्ण रिकामी होईपर्यंत तशीच धरून ठेवली. त्याला धाप लागली होती. मग ओट्यावरची ताटली घेतली, तो घोटा, तोच, आणि पातेल्यातला उरलेलाही, सगळा मोरीत ओतला. चमचाभरसुद्धा चाखला नाही. मी भिंतीला टेकून बघत राहिले.

"फ्रिजमधी काय हाय?" त्याने विचारलं.

"परवाचा हाय," मी म्हटलं. "फसलेला. गोड पान्यातला."

"आन."

मी गरम करायला गेले तर म्हणाला, तसाच दे. मी थंडगार घोटा ताटलीत काढून दिला, मऊ डाळीचा, लोण्यासारखा. तो स्टुलावर बसून खायला लागला. पहिला चमचा, दुसरा, तिसरा. घास गिळताना त्याला त्रास होत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तो बाहीने पुसत होता आणि परत चमचा भरत होता. मी खाली फरशीवर बसले होते आणि मला भीती वाटत होती की मी बोलले तर तो थांबेल. ताटली रिकामी झाली. त्याने चमच्याने कडा खरडून घेतल्या.

"याले काही चव नाई, बाई," तो म्हणाला, आणि अजून वाढायला ताटली पुढे केली.